नजीबाखालांची एकुलती खुर्ची

"खाला, तुमच्या घरात भूत आहे का?" मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून इथे अमेरिकेत, हिल्सबरोतल्या आमच्या शेजारीण, मूळच्या बगदादच्या नजीबाखालांना, म्हणजे नजीबामावशींना, मी बिनधास्त विचारलं.

"भूत कसलं? माझा नवरा," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. तो गेल्या वर्षी वारला होता.

घरात सगळ्या जमिनीवरच्या गाद्या. खुर्ची एकच, त्याची, रिकामी. फिजिओ असलेल्या माझ्या आईने खालांना तोल सांभाळायचा व्यायाम नेमका खुर्ची धरून करायला सांगितला होता.

"तो बसलेला असतो. त्याला धरून कसरत करू?" म्हणत त्या तशाच एका पायावर उभ्या राहिल्या आणि डगमगल्या. खुर्ची आपोआप करकरली! अंगावर काटा आला, तरी मी हात दिला. त्यांनी तो घट्ट पकडला.

घरी येताच जाहीर केलं, "आई, बाबा, उद्यापासून शाळेनंतर मी खालांची खुर्ची!"