नाव घातलेला गिलास

आमच्या कॉलेजात स्त्री-अभ्यास केंद्र सुरू झालं ते सत्त्याऐंशी साली. लातूर जिल्हा होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती आणि घरच्या नळाला शेवटचं पाणी येऊन आठ दिवस. केंद्राची उद्दिष्टं मीच लिहिली. पहिलं असं : 'रोजच्या घरातलं, पण कुणाला न दिसणारं, ते दिसायला लावणे.' प्राचार्य म्हणाले, "महादेवीबाई, घरातलं दिसायला केंद्र कशाला? चष्मा पुरे की." मी त्यांच्याशी अर्धा तास भांडले आणि जिंकले. पुढचे चार दिवस माझी मान जरा जास्तच ताठ होती.

पहिलं काम पाण्याच्या पाहणीचं. फॉर्म जुन्याच कागदांवर काढले. वर अजून 'जि. उस्मानाबाद' छापलेलं, ते पेनानं खोडून 'लातूर' करायचं. घरात पाणी कोण देतं, कुणाला, कोणत्या भांड्यात, भांडं कोण धुतं, किती पाण्यात, असे प्रश्न. शेवटी घरातल्या माहिती देणाऱ्याची सही. सही नसेल तर फॉर्म धरायचा नाही, हा नियमही माझाच. खेड्यात जाण्याआधी सराव म्हणून मुलींना सांगितलं, आपलं नसलेलं पण नेहमी जाण्यायेण्यातलं एक घर घ्या आणि फॉर्म भरून आणा.

सोमवारी दुपारी स्टाफरूममध्ये तपासायला बसले. यशोधराचा फॉर्म मुद्दाम शेवटी ठेवला होता. माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. राहायला बौद्धनगरात, वडील सूतगिरणीत कामाला. दर रविवारी चार मैत्रिणींबरोबर ती माझ्या घरी अभ्यासाला यायची. तिच्यावर माझा जीव होता, आणि हे मी चारचौघांत सांगायचेही.

फॉर्मवर तिचं नेटकं अक्षर होतं.

'घर : महादेवीबाईंचे.
पाणी कोण देते : बाईंच्या सासूबाई.
कुणाला, कोणत्या भांड्यात : चार मुलींना घरातल्या गिलासात. यशोधरा हिला वेगळ्या गिलासात. त्यावर तिचे नाव घातलेले आहे.
भांडे कुठे ठेवतात : चौघींचे स्वयंपाकघरात. यशोधराचा गिलास ओसरीच्या कोनाड्यात.
कोण धुते : चौघींचे बाई. यशोधराचा यशोधरा.
किती पाण्यात : चौघींचे एका पातेल्यात. यशोधराचा, तिला प्यायला दिलेल्या पाण्यातले घोटभर उरवून.'

पहिल्यांदा वाटलं, पोरगी खोटं लिहितेय. मग रागच आला. तो गिलास बक्षीस होता! ती वर्गात पहिली आली तेव्हा मी स्वतः भांड्यांच्या दुकानात उभी राहून त्यावर 'कु. यशोधरा' असं नाव घालून घेतलं होतं. ती आपला गिलास आपण विसळते हे मी पाहिलं होतं. दुष्काळात किती समंजस पोर, असं म्हणून मी तिचं कौतुकही केलं होतं. पण पाणी कुठलं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

तशीच तडक घरी गेले. सासूबाई, शांतम्मा, ओसरीवर ज्वारी निवडत होत्या.

"आत्याबाई, यशोधराचा गिलास कोनाड्यात का ठेवता?"

"मंग कुठं ठिवू?"

"आत! सगळ्यांच्यात! लिंगायत आपण, गळ्यात लिंग घालतो. आपल्यात कसला आलाय विटाळ?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "कोनाड्यात मी ठिवले, हाव. माझं मन न्हाई घेतलं, म्हणून ठिवले. माझं सरळ हाय. पन वेगळा गिलास या घरात आणला कुणी? नाव घालून?"

"ते बक्षीस होतं!"

"बक्षीस व्हतं, तर त्या पोरीनं घरी न्हेलं असतं की. तिनं पिशवी उघडली व्हती. मी हितंच बसून बघू राहिले व्हते. 'राहू दे इथंच, आलीस की यातून पाणी पी' असं कोण म्हणलं?"

मी म्हणाले होते.

मला ती पिशवी लख्ख आठवली. निळी, एका बंदाला गाठ मारलेली. तिनं ती उघडली होती आणि माझं बोलणं ऐकून पुन्हा मिटली होती. मी ते प्रेमानं म्हणाले होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण दुसरी आलेल्या पंचाक्षरीला मी पेन दिला, तो तिनं त्याच दिवशी घरी नेला. तिला मी नाही म्हणाले, राहू दे इथंच. का नाही म्हणाले? माझी मलाच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर यशोधराला थांबवून घेतलं. काय बोलायचं ते घोकून आले होते, पण तिनंच फॉर्मकडे बोट दाखवलं.

"बाई, हा धरायचा की दुसऱ्या घरचा भरून आणू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त पाहायचं होतं, मी काय म्हणते ते.

"का गं?"

"सही राहिलीय. माहिती देणाऱ्याची."

ही फाईल विद्यापीठात जाणार होती. आधी प्राचार्य ती वाचणार होते. मी पेन उघडला आणि सही केली. ती नेहमीसारखी आली नाही, पण माझीच होती. यशोधरानं ती नीट पाहिली आणि फॉर्म फाईलला लावला.

मग मी पर्समधून गिलास काढला. घासूनपुसून आणला होता. "हा तुझा आहे. आता घरी ने."

तिनं तो हातात घेतला, नावावरून अंगठा फिरवला आणि टेबलावर ठेवला.

"न्हाई, बाई. आई विचारल, इतके दिस कुठं होता."