अण्णांचे ड्रॉप्स

दिवसभर लॉन्ड्रीत उभं राहून इस्त्री केली की माझे पाय माझे राहत नाहीत. घरी यावं तर सासऱ्यांचं जेवणखाण, त्यांची औषधं, आणि आता वरून हे मांजराचं पिल्लू. सासऱ्यांचं, म्हणजे आमच्या अण्णांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात जिन्याखाली सापडलेली पिटुकली ते खिशात घालून घेऊन आले. मी कपाळाला हात लावला. नवरा बोटीवर नोकरीला, येईल तेव्हा येईल. म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात.

आधी पिटुकलीच्या उजव्या डोळ्यातून नुसतं पाणी यायचं. खात होती, खेळत होती, म्हणून मीही मनावर घेतलं नाही. मग चिपडं पिवळी यायला लागली. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या.

"डॉक्टरकडे न्यायला हवी हिला," मी म्हटलं.

"मी बघतो तिचं. तू नको डोक्याला ताप करून घेऊ," अण्णा म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. एक काम तरी टळलं.

आज घरी आले तर पिल्लू खाटेखाली कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. डोळा गच्च मिटलेला, वाटीतलं खाणं जसंच्या तसं. तिला ओढणीत गुंडाळलं आणि आल्या पावली निघाले. अण्णाही काळा चष्मा लावून मागोमाग आले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ओल्या कापसाने डोळा पुसला आणि अलगद पापणी उघडली. बुबुळावर पांढुरका डाग होता.

"यात काही घातलं होतंत?"

"छे हो," मी म्हटलं.

अण्णांनी खिशातून हळूच बाटली काढून टेबलावर ठेवली. त्यांच्याच ऑपरेशननंतरचे ड्रॉप्स.

बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "हे सूज उतरवायचं औषध आहे. बुबुळाला जखम असताना घातलं तर ती चिघळते. पिवळी चिपडं आली, डोळा मिटून घेतला, खाणं सोडलं, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी आणायचं. घरातलं औषध घालायचं नाही." या डोळ्याची नजर बहुतेक जाणार, दुसरा वाचेल, असं त्या म्हणाल्या.

रस्त्यात मात्र माझा तोल सुटला. "माणसाचं औषध मांजराला? मला एका शब्दाने विचारता येत नव्हतं?"

अण्णा खाली बघत चालत होते. "तू दमून येतेस. दारातच चिडलेली असतेस. म्हटलं, तुझ्यामागे अजून एक काम कशाला."

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटून घ्यायलाही अंगात त्राण नव्हतं.

घरी येऊन चपला काढल्या आणि दारातच बसले. अण्णा पिटुकलीला मांडीवर घेऊन समोर टेकले.

"दिसेल ना तिला?"

"एका डोळ्याने दिसेल." मग मी म्हटलं, "अण्णा, यापुढे काहीही झालं तरी आधी मला सांगायचं. मी ओरडेन, पण सांगायचं."

"ओरडणार?"

"ओरडणारच."

त्यांनी काळा चष्मा काढला. डोळा लालबुंद झाला होता.

"मग हेही सांगून टाकतो. बाटली तिला पुरावी म्हणून माझे ड्रॉप्स मी बंद केले होते. कालपासून ठणकतोय."

मी चपला परत पायात घातल्या.