दोन माणसं लागतात

"हे असं होतच नाई," पुंजाजी म्हणाला, तर उकंडरावाच्या हॉटेलातल्या झाडून साऱ्या माणसांनी त्यालाच गप्प केलं.

रेडिओत आगगाडी येत होती. बिस्किटांच्या बरणीशेजारी फळीवर ठेवलेला रेडिओ आणि त्याच्याकडे कान लावून बसलेली वीस-पंचवीस माणसं. 'अकरा नंबरचा सांधा' या श्रुतिकेचा चौथा भाग चालला होता. हैबती नावाच्या सांधेवाल्यानं कुणा परक्या माणसाकडून पाकीट घेतलं होतं. सिग्नल पडला, मेल शिट्टी देत जवळ आली आणि हैबतीनं एकट्यानं दांडा ओढला. खट्ट. मग रेडिओवरच्या निवेदन करणाऱ्या बाईचा गोड आवाज आला, पुढचा भाग येत्या रविवारी दुपारी एक वाजता.

उकंडरावानं बटण फिरवलं. "हं, आता बोल. काय होत नाई?"

"सिग्नल पडल्यावर सांधा हालत नाई."

अनसिंग स्टेशनावर पुंजाजी पट्टेबहादूर बावीस वर्षं सांधेवाला होता. गाडी कुठल्या रुळावरून जायची हे ज्या पात्यावर ठरतं, ते पातं हलवणं आणि त्याला कुलूप घालणं एवढंच त्याचं काम. एवढंच म्हणतो खरा, पण गाडीत बसलेल्या चारशे माणसांना विचारा. बोलायला तो मितभाषी, पण कामाबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

त्यानं दोन बशा टेबलावर ठेवल्या आणि समजावून सांगितलं. मेन लाइन म्हणजे थेट जायचा रूळ, लूप म्हणजे बाजूचा. सांधा मेनला लावून कुलूप घातलं तरच त्यातून किल्ली निघते. ती किल्ली मास्तरकडे जाते. मास्तरनं ती आपल्या पेटीत बसवली तरच सिग्नल पडतो, म्हणजे गाडीला वाट मिळते. सिग्नल पडलेला असला की किल्ली पेटीतून निघत नाही, आणि किल्लीशिवाय कुलूप उघडत नाही.

"हैबतीजवळ किल्ली कुठून आली? हे एकट्याच्यानं होत नाई. पेटीशी खेळ कराले मास्तर पाह्यजे. दोन मानसं लागतात."

"म्हंजे मास्तर सामील असला त होते," उकंडराव म्हणाला.

सारे हसले. पुंजाजीही हसला. बावीस वर्षांत या हसण्याएवढी मोठी चूक त्यानं सांध्यावर कधी केली नव्हती.

घरी गेल्यावर त्यानं आंतरदेशीय पत्र काढलं आणि रेडिओवाल्यांना लिहिलं. सातवी शिकलेला माणूस, अक्षर मोत्यासारखं. 'आपल्या श्रुतिकेत दाखविले तसे घडू शकत नाही. एकट्याने होत नाही. दोन माणसे लागतात, पेटीसाठी मास्तर पाहिजे. लोकांचा सांधेवाल्यावरचा विश्वास उडेल, तरी कृपया खुलासा करावा.' खाली नाव, हुद्दा, स्टेशन. टाकण्याआधी त्यानं ते हॉटेलात मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचताना त्याची मान ताठ होती, आणि का नसावी?

आठ-दहा दिवसांनी छापील कार्ड आलं. सूचनेबद्दल आभारी आहोत, योग्य तो विचार करण्यात येईल. ते कार्ड भागिरथानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या चौकटीत खोचून ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून.

विचार खरोखरच केला गेला. सातव्या भागात सगळी गोष्ट उलगडत मागे गेली. मेल येण्याच्या आदल्या संध्याकाळी हैबती मास्तरच्या खोलीत उभा होता आणि खालच्या आवाजात म्हणत होता, "मास्तर, एकट्यानं होत नाही. दोन माणसं लागतात."

हॉटेलात चहाची बशी पुंजाजीच्या हातात तशीच राहिली. ते त्याचं वाक्य होतं. त्यानं स्वतःच्या शाईनं लिहिलेलं, नाव-गाव खाली घालून पाठवलेलं. आता ते एका चोराच्या तोंडात बसलं होतं, आणि काय फिट्ट बसलं होतं! आधी गोष्ट खोटी होती, निदान जाणत्याला खोटी वाटायची. पुंजाजीनं तिचं भोक बुजवून दिलं.

"आता कसं बरोबर जमलं," कुणीतरी म्हणालं.

"जमनारच. आपल्या पुंजाजीनं सांगतलं ना त्यायले, गाडी कशी पाडाची ते." उकंडराव गंमतच करत होता. पण या वेळी कुणी हसलं नाही.

हे शहात्तर साल होतं. आणीबाणी होती. भिंतीवर 'अफवा पसरवू नका' लिहिलेलं होतं आणि त्याच भिंतीला टेकून माणसं कुजबुजत होती. चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपात पुंजाजी एकोणीस दिवस तुरुंगात होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. इतके दिवस ती अभिमानाची गोष्ट होती. आता लोकांना ती वेगळीच आठवू लागली.

फरक कळला तो लूप लाइनवर. गावातून फलाटाकडे जाणारी पायवाट आधी लूप आणि मग मेन लाइन ओलांडते. वाशीमच्या पॅसेंजरला जाणारी माणसं सकाळीच यायची. त्याआधी न थांबणारी मेल असायची. ती जाईपर्यंत ही माणसं टोपल्या-बोचकी घेऊन चक्क लूपच्या रुळांतच उभी राहायची. नियमात बसत नव्हतं, मास्तर ओरडायचे, पण कुणी ऐकायचं नाही. सांध्यावर पुंजाजी आहे, गाडी इकडे येतेच कशाला! मेल धाडधाड करत हातभर अंतरावरून जायची आणि यांच्या गप्पासुद्धा थांबत नसत.

सातव्या भागानंतरच्या सोमवारी लूप रिकामी होती. माणसं मागे लिंबाच्या झाडाखाली उभी होती, वीस पावलं दूर. तुरीच्या शेंगा विकणारी सोजरबाईसुद्धा तिथेच टोपली घेऊन बसलेली. पुंजाजीला तिनं बाळपणापासून पाहिलेलं.

"काकू, तू बी?" त्यानं विचारलं.

"मी मतारी बाई, बापा. सारे तिकडं हायेत म्हनून मी बी बसली." तिनं नजर मात्र टोपलीतल्या शेंगांवर ठेवली.

शिवी दिली असती तर तो भांडला असता. या वीस पावलांशी भांडायचं कसं?

घरी भागिरथा भांडी आपटत होती. "विहिरीवर मले इचारते, तुह्या नवऱ्याले रेडिओवाल्यानं किती देल्ले. मी म्हनलं, एक कार्ड देल्लं, ये घरी दाखवतो. त हासते."

"हासू दे."

"काहून हासू दे? तुमाले चिठ्ठी लेहाची अक्कल कोनं देल्ली होती?"

"खोटं होतं थे."

"आता खरं झालं ना?" असं म्हणून तिनं तसबिरीतलं कार्ड काढलं आणि चुलीत घातलं. मग तिथेच बसून ती रडली. पुंजाजी तिच्याजवळ बसला. त्यानं चुलीतली लाकडं पुढे सरकवली.

माणिकराव मास्तर तर आगच झाले होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला सज्जन माणूस, पण भित्रा. "मला कशाला गोवलंस रे त्यात? काल पोलीस पाटील विचारत होता, मास्तर, तुमच्या पेटीची दुसरी किल्ली असते का म्हणून. हसतहसत विचारत होता, पण विचारलंच ना?"

"मी तुमचं नाव नाई लेहलं, साहेब."

"मास्तर पाहिजे असं लिहिलंस. या स्टेशनावर मास्तर किती आहेत?"

पुंजाजी सांध्याकडे निघून गेला.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. त्या आठवड्यात पुंजाजीनं एकदा सांधा लावला, कुलूप घातलं, किल्ली मास्तरांना दिली आणि परत येताना त्याला वाटलं, पातं नीट चिकटलं का? वाटलं म्हणून तो परत गेला, वाकून बोटानं चाचपलं. नीटच होतं. दुसऱ्या दिवशीही गेला. तिसऱ्या दिवशी दोनदा. बावीस वर्षांत त्याचा हात त्याला कधी खोटा वाटला नव्हता. कुठल्याशा शहरात बसून कुणीतरी डबा वाजवून 'खट्ट' आवाज काढला होता, आणि तो आवाज आता त्याच्या मनगटात येऊन बसला होता. गावाचा त्याला राग आला होताच. स्वतःचा आला तो त्याहून मोठा.

शेवटचा, नववा भाग ऐकायला हॉटेलात बसायला जागा नव्हती. पुंजाजी मुद्दाम गेला. भागिरथा म्हणाली होती, नका जाऊ. तो म्हणाला, "न जाले मी का चोर हाव?"

गाडी पडली होती, कोर्ट भरलं होतं. वकिलानं हैबतीला विचारलं, कट की चूक? हैबती हलकेच हसला. हसला की हुंदका दिला, तेही कळेना. सतार वाजली आणि श्रुतिका संपली.

मग जो गलका उठला! एक म्हणे त्यानंच केलं, म्हणून तर हसला. दुसरा म्हणे मास्तरनं फसवलं बिचाऱ्याला. तिसऱ्याचं म्हणणं, दोघंही निर्दोष, सांधाच मोडका होता. शेवटी उकंडरावानं हात वर केला. "थांबा. आपल्यात त्या धंद्याचा मानूस हाय. पुंजाजी, खरं सांग गड्या. त्यानं केलं का नाई?"

सगळी डोकी वळली. विचारत होते हैबतीबद्दल, पण बघत होते पुंजाजीकडे.

तो उठला. "ज्यानं लेहलं त्यालेच माहीत नाई. त्यानं भांडं रिकामं ठेवलं, तुमी त्यात आपापल्या मनातलं ओतून राह्यले. तुमाले जे आयकू आलं, थे रेडिओत नोयतं." त्यानं बशी उपडी ठेवली. "अन् हैबतीचं मले नाई माहीत. माह्यं इचाराचं असंल त माह्यं नाव घेऊन इचारा."

कुणी विचारलं नाही. तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सांधा मेनला लावला. पातं बसल्याचा आवाज ऐकला, कुलूप घातलं, किल्ली काढून मास्तरांच्या हातावर ठेवली.

"साहेब, आज मी लूपवर उभा राह्यनार हाव. मेल जातपर्यंत."

"खुळा झालास काय? मेमो देईन मी."

"द्या. पन किल्ली पेटीत बसवा अन् सिग्नल पाडा. गाडी पाडाले दोन मानसं लागतात तशी नीट न्याले बी दोनच लागतात, हे म्या चिठ्ठीत लेहाचं राहून गेलं. माह्यं काम झालं. आता तुमचं करा."

मास्तरांनी किल्लीकडे बघितलं. किल्ली पेटीत बसवली, फिरवली, एकदा ओढून बघितली. मग त्यांनी सिग्नलच्या दांड्याला हात घातला.

पुंजाजी चालत निघाला. वाटेत सांधा लागला. पातं बघायला मान वळत होती. त्यानं ती वळू दिली नाही. पायवाटेपाशी येऊन तो लूपच्या दोन रुळांच्या मधोमध उभा राहिला. गाडी जाणार होती त्या मेन लाइनकडे पाठ, लिंबाच्या झाडाखालच्या गावाकडे तोंड.

लोकांना कळायला जरा वेळ लागला. मग उकंडराव ओरडला, "अबे, काय करून राह्यला? हट तिथून!"

पुंजाजीनं हात पाठीमागे बांधले.

लांबून शिट्टी आली. झाडाखालची माणसं अजून दोन पावलं मागे सरली. भागिरथा कधी आली होती कोण जाणे, ती गर्दीच्या पुढे उभी होती. तिनं हाक मारली नाही. पदर दातात धरून ती नुसती बघत होती.

तेवढ्यात सोजरबाई उठली. टोपली डोक्यावर घेतली आणि आपल्याशीच पुटपुटत चालू लागली. दगडांवरून तिचे पाय लटपटत होते. लूपवर येऊन तिनं पुंजाजीच्या पायाशी टोपली ठेवली आणि त्याच्या बाजूला उभी राहिली.

"जाय काकू, मांगं जाय," तो पहिल्यांदाच घाबरून बोलला.

"तू पाह्यलं ना नीट?"

"लावलं नीट. मांगून पाह्यलं नाई."

"मंग झालं," ती म्हणाली. पण हातानं मात्र तिनं त्याचा सदरा धरला.

जमीन थरथरू लागली. आवाज पाठीत शिरला. सांध्यावरून चाकं गेल्याची खडखड झाली, आणि पुंजाजीनं डोळे मिटले नाहीत. मेल मेन लाइनवरून निघून गेली, धुरासकट, धुळीसकट, टोपलीतल्या चार शेंगा उडवून.

धूळ बसली तेव्हा मास्तर फलाटावर हिरवी झेंडी अजून तशीच धरून उभे होते. झाडाखालून कुणी पुढे आलं नाही. पॅसेंजरची वेळ होत आली तशी माणसं खाली मान घालून, एकेक करून त्याच्या बाजूनं फलाटाकडे निघून गेली.

मेमो मिळाला. त्यावर त्यानं मोत्यासारख्या अक्षरात सही केली. दुसऱ्या दिवशी मेलच्या वेळी तो पुन्हा लूपवर जाऊन उभा राहिला, आणि तिसऱ्या दिवशीही. लोक मात्र पुढे कित्येक वर्षं लिंबाखालीच थांबत राहिले. सोजरबाई होती तोवर रोज येऊन त्याच्या शेजारी उभी राहायची. ती गेल्यावर तिची टोपली ठेवायची जागा सोडून तो एकटाच उभा राहू लागला.