धावपट्टीवर कुणीतरी आहे

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, की हा एखाद्या मोडक्या कपाटाचा तुकडा असावा. त्यात तुमची काही चूक नाही. मी खरोखरच कपाटाचा तुकडा होते. आता मी विमानतळाच्या मनोऱ्यात, सर्वांत वरच्या काचेच्या खोलीत राहते. वीतभर लांब, चार बोटं रुंद, लाल रंगाची जुनी फळी.

माझा जन्म एका भीतीतून झाला. विमानांनी कधी उतरायचं आणि कधी उडायचं हे सांगणारे एक वयस्कर नियंत्रक तेव्हा या खोलीत होते. हाताखालच्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलेलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. एका सकाळी धावपट्टीवर गवत कापणारा ट्रॅक्टर आहे, हे मास्तर विसरले. एका विमानाला उड्डाणाची परवानगी द्यायला तोंड उघडलं आणि ऐनवेळी त्यांना आठवलं. कुणाला काही कळलंही नाही. पण मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. दुपारी ते विमानतळाच्या सुताराकडे गेले.

"मला एक फळी करून दे. समोर असली की तिच्याकडे काणाडोळा करताच येऊ नये, अशी."

सुतार हसला. "एवढी विमानं सांभाळता मास्तर, आणि आठवणीला फळी लागते?"

"माणसाचं डोकं आहे बाबा, कुठून तरी गळतंच."

सुताराने मोडीत निघालेल्या कपाटाच्या दारातून मला कापलं, कडा घासल्या आणि आग विझवायच्या बादल्यांसाठी आणलेला लाल रंग मला फासला. वर काय लिहायचं यावर मात्र बराच खल झाला. सुतार म्हणाला, 'बंद' लिहू. मास्तरांनी मान हलवली. "'धावपट्टीवर कुणीतरी आहे' असं लिही. तिथं माणूस आहे, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे."

माझं काम सोपं होतं. प्रत्येक विमानाच्या नावाची एक कागदी पट्टी नियंत्रकाच्या टेबलावर असे. एखादी गाडी धावपट्टीवर गेली, की मला त्या पट्ट्यांवर आडवं ठेवायचं. मी तिथे असेपर्यंत कुठल्याही विमानाला परवानगी नाही. गाडी बाहेर पडली, की मला उचलायचं. अशी पंधरा वर्षं मी काढली. इतक्या हातांनी मला उचललं, की माझ्या कडांचा रंग उडून आतलं लाकूड दिसू लागलं. नव्या नियंत्रकांना शिकवताना मास्तर मला वर धरून सांगत, "आधी फळी, मग होकार."

त्या नव्यांमध्ये एक मुलगी होती. सर्वांत लहान, म्हणून तिला धाकटी म्हणू लागले. पुढे तिच्या मागून दहाजण आले, तिच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले, तरी ती धाकटीच राहिली. तिचं सगळ्यात जास्त बोलणं होई ते धावपट्टी तपासणाऱ्या गाडीच्या चालकाशी. पट्टीवर पडलेले खडे, स्क्रू, मेलेले पक्षी उचलणं हे त्याचं काम, कारण एवढासा स्क्रू विमानाचा टायर फाडू शकतो. ती त्याला मामा म्हणे. तो वयाने मोठा असूनही तिला ताई म्हणे. "ताई, जाऊ का आत?" "जा मामा." अकरा वर्षं दोघांनी एकमेकांचा फक्त आवाज ऐकला होता.

मग मास्तर निवृत्त झाले आणि खोलीत संगणकाचे नवे पडदे आले. एक बटण दाबलं, की पडद्यावरची धावपट्टी लाल होई. पडदे चांगले होते, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण बटण दाबायचं तर माणसालाच आठवावं लागतं. माझी रवानगी खणात झाली, संपलेल्या बॅटऱ्या आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या शेजारी.

त्याच वर्षांत विमानं दुप्पट झाली आणि माणसं मात्र निम्मी उरली. एक नोकरी सोडून गेला, एकाचा रक्तदाब वाढला, नवी माणसं तयार व्हायला दोन वर्षं लागणार होती. माणसं द्या म्हणून अर्ज गेले, त्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या गेल्या. सुट्ट्या रद्द झाल्या. धाकटीच्या घरी सासूबाईंचं कंबरेचं हाड मोडलेलं. त्यांना कुशीवर वळवायला ती रात्रीतून तीनदा उठे आणि पहाटे मनोऱ्याच्या पायऱ्या चढे.

तो दिवस मला विसरता येत नाही. दुपारचे चार वाजले होते. धाकटीच्या शेजारच्या सहकाऱ्याला, सारखा वाद घालतो म्हणून सगळे वकील म्हणत. त्याला साहेबांनी खाली बैठकीला बोलावलं होतं. दोघांचं काम एकटी धाकटी करत होती. उतरलेल्या एका वैमानिकाने कळवलं, की पट्टीवर पक्षी मरून पडलाय.

"ताई, जाऊ का आत?"

"जा मामा."

तिचा हात बटणाकडे निघाला आणि फोन वाजला. आजारी प्रवासी असलेल्या एका विमानाला आधी उतरायचं होतं. तेवढ्यात दुसऱ्या एका वैमानिकाने वाऱ्याची चौकशी केली. हात मागे आला. दोन मिनिटांनी आजारी माणसाच्या विमानाने परवानगी मागितली. पडद्यावरची धावपट्टी लाल झालेली नव्हती. काचेतून उन्हाची तिरीप थेट डोळ्यांवर येत होती. "उतरा," ती म्हणाली.

खणात मी हे ऐकलं. लाकडाला ओरडता येत नाही.

पण मामाच्या गाडीतला रेडिओही ते ऐकत होता. त्याचा आवाज जराही चढला नाही. "ताई, मी अजून पट्टीवरच आहे."

त्याच श्वासात तिने विमानाला सांगितलं, "उतरू नका. पुन्हा वर जा." मामाने गाडी गवतात घातली. विमान त्याच्या डोक्यावरून गरजत वर गेलं. दहा मिनिटांनी ते सुखरूप उतरलं. आजारी माणूस रुग्णवाहिकेत गेला, बाकीचे उशिराबद्दल कुरकुरत बॅगा घेऊन घरी गेले. बदली माणूस नव्हता, म्हणून तेवढा वेळ धाकटीचा आवाज स्थिर राहिला. वकील परत आला, तेव्हा तिने त्याला काय घडलं ते सांगितलं.

सगळं ऐकून तो हळूच म्हणाला, "मामा काही बोलणार नाहीत. विमानाला उशीर झाला, एवढंच. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही रे, काळ सोकावतो," धाकटी म्हणाली. "आज मी झाकते, उद्या तू झाकशील. आणि परवा मामांवर चादर झाकायची वेळ येईल."

तिने तिथेच अहवाल लिहिला. पहिल्या ओळीत स्वतःची चूक, दुसऱ्या ओळीत शेजारची रिकामी खुर्ची.

तिला कामावरून दूर ठेवलं गेलं. चौकशीचे अधिकारी याच खोलीत तिच्याशी बोलले.

"बटण का दाबलं नाहीत?"

"विसरले."

"सलग कितवा दिवस होता?"

"कागदावर नववा. मी सातव्याला मोजायचं सोडलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कामाच्या पाळ्यांचे सहा महिन्यांचे तक्ते मागवले.

तिचा जबाब संपला, तेव्हा दारात एक टक्कल पडलेला, ठेंगणा माणूस धापा टाकत उभा होता. "ताई," तो म्हणाला आणि आवाजावरून तिने मामाला ओळखलं. ती माफी मागू लागली, तर मामाने हात वर केला.

"मी घाबरलो, ताई. खोटं कशाला बोलू? गवतात बसून राहिलो कितीतरी वेळ. पण मी एक वाक्य बोललो आणि तुम्ही 'नक्की का' म्हणून विचारलंसुद्धा नाहीत. आधी विमान वर काढलंत." मग तो म्हणाला, "तुम्ही परत बसणार असाल, तर मी परत पट्टीवर जाईन."

धाकटी तेव्हा रडली. इतके दिवस रडली नव्हती.

महिन्याभराने ती परत आली. मला खणातून काढून तिने पुसलं आणि पडद्याजवळ ठेवलं. आता बटणही दाबतात आणि मलाही आडवं ठेवतात. गर्दीच्या वेळची विमानं कमी केली गेली. खोलीत एकट्याने बसायचं नाही, असा नियम झाला. चार माणसं हवीत, अजून तीनच आहेत. सगळं मनासारखं झालं, असं मी म्हणणार नाही.

पण परवा वकिलाने भर कामात कानावरचा हेडफोन काढला. "माझं डोकं आज जागेवर नाही," तो म्हणाला. "कुणी बसता का माझ्या जागी?" पूर्वी अशा माणसाची टर उडवली असती. धाकटी निमूट उठली आणि त्याच्या खुर्चीत बसली. तो जिन्यालगतच्या बाकावर अर्धा तास गाढ झोपला.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. माझ्यासारखी फळी सुतार तासाभरात करतो. तुमच्या घरात, शाळेत, बसच्या चाकामागे, दवाखान्यात कुणी म्हणालं, की 'मी थकलोय', तर हसू नका. त्याला ते बोलायला फार धीर लागलेला असतो. तुम्ही उठा आणि त्याला बसू द्या.