पाठ झालेली पाने

मित्रांनो, उजेडाने रंग विटतात म्हणून मला कायम खणात बंद ठेवले गेले. मी डोळ्यांच्या दवाखान्यातले एक जुने पुस्तक आहे. माझ्या पानापानावर लाल-हिरवे ठिपके आहेत आणि प्रत्येक पानावरच्या ठिपक्यांत एक आकडा लपलेला आहे. रंग नीट ओळखणाऱ्यालाच तो दिसतो. माणसांशी माझी गाठ पडे ती दोन-दोन मिनिटांची, बाकी सारा वेळ अंधार. म्हणून जो पुन्हा पुन्हा येई, त्याची मी वाट पाहत असे.

असा एक रफूगार होता. त्याला क्षयाच्या गोळ्या चालू होत्या. त्यातली एक गोळी क्वचित कोणाच्या डोळ्याची नस दुखावते आणि मग लाल-हिरव्याचा घोळ होऊ लागतो. त्यासाठी दर महिन्याला त्याला माझ्यासमोर बसवत. परिचारिका पान उलटायची, तो आकडा सांगायचा. सात, सोळा, पाच, नव्वद. परीक्षा घेणारी तीच, प्रश्न तेच आणि क्रमही तोच. पठ्ठ्याला मी तोंडपाठ झाले!

तिसऱ्या महिन्यात त्याची नजर ठिपक्यांवरून नुसतीच फिरू लागली, आकड्यावर थांबेना. उत्तरे मात्र बिनचूक. परिचारिका खूश होऊन 'ठीक' लिहायची. मी आतल्या आत ओरडत होते, पण पुस्तकाचे कोण ऐकणार? इतके एकटे मला खणातही कधी वाटले नव्हते.

पाचव्या महिन्यात माझी शिवण उसवली. परिचारिकेने घाईघाईत पाने चिकटवली आणि दोन पानांची अदलाबदल झाली. रफूगार बसला. "सात," म्हणाला. मग "सोळा." पण समोर पाचाचे पान होते.

परिचारिकेने एकदा पानाकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे. मग तिने खुर्ची जवळ ओढली. "कधीपासून दिसत नाही?"

"दोन महिने झाले, ताई. दोरा बायको निवडून देते." तो खाली मान घालून बोलत होता. "गोळ्या बंद केल्या तर खोकला उलटेल. आत्ता कुठे लेक मांडीवर येऊन बसायला लागली होती."

डॉक्टरीणबाईंनी ती एकच गोळी बदलली, बाकीच्या चालू ठेवल्या. "गोळी बदलून देता येते हो," त्या म्हणाल्या, "डोळा कुठून बदलून आणू?"

हळूहळू त्याचे काही आकडे परत आले, सगळे नाही. शेवटच्या खेपेला त्याने मला स्वतः हातात घेतले, मधलेच एक पान उघडले आणि बराच वेळ पाहिले. "नाही दिसत," तो म्हणाला. मला फार वाईट वाटले, आणि त्याचा अभिमानही वाटला.

आता तपासणीला यंत्र आले आहे. माझा खण कोणी उघडत नाही. मित्रांनो, तुमच्या घरात कोणाला औषध चालू असेल आणि दिसण्यात काही फरक पडला, तर गोळ्या मनाने बंद करू देऊ नका, आणि गप्पही बसू देऊ नका. लगेच डॉक्टरांना सांगायला लावा. त्याने ते दोन शब्द दोन महिने आधी उच्चारले असते, तर आज कदाचित दोरा त्याचा तोच निवडत असता.