चंद्रीच्या मागच्या पायाचा बूट

घोड्याला हात लावायची मला भीती वाटते, हे आधीच सांगून टाकतो. चंद्रीच्या बुटाची निवड माझ्याकडे आली ती लोकांच्या गैरसमजामुळे. ज्याच्याकडे पुस्तकं असतात त्याला सगळं कळतं, असं त्यांना वाटे.

१९६४ च्या वैशाखात मी आष्ट्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. एका सकाळी सिद्धू धनगर दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मेंढरांचा तळ गावाबाहेरच्या माळावर पडला होता. पावसाच्या आत त्याला जतकडच्या आपल्या गावी पोचायचं होतं. अजून सहा-सात मुक्कामांची वाट होती. चंद्री ही त्याची घोडी. तिच्या पाठीवर भांडीकुंडी, नुकती जन्मलेली कोकरं, आणि सगळ्यांच्या वर त्याची आई धोंडुबाई. म्हातारीच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच चालणं सोडलं होतं. आता चालताना चंद्रीचा मागचा खूर दुसऱ्या मागच्या पायावर बसत होता. जखम भरत आली की पुन्हा फुटत होती.

भांडी आणि कोकरं माणसांच्या डोक्याखांद्यावर वाटून देता आली असती. आई कशी वाटून द्यायची? एसटीनं पुढं पाठवावी, तर गावाकडच्या घराला कुलूप होतं आणि वाटेवर तळ रोज वेगळ्या रानात. उरली म्हातारीची आष्ट्यातली भाची, रंगुबाई. ती मायेनं ठेवून घ्यायला तयार होती. पण धोंडुबाई जन्मात कधी कळप सोडून राहिली नव्हती. परवा पहाटे तळ हलणार होता. घोडीच्या पायाला बूट घालतात म्हणं, ते कसलं असत्यात तेवढं पुस्तकात बघा, असं सिद्धू म्हणाला.

पुस्तक होतं. संस्थानी काळातलं, घोड्यांच्या निगेचं, जाड इंग्रजी पुस्तक. ते कुणी कधी उघडलंच नसावं, कारण शेवटच्या काही पानांच्या कडा अजून कापलेल्याही नव्हत्या. मागच्या पायांच्या बुटांचं चित्र मला सापडलं. चामड्याचे दोन उंच बूट, बाहेरच्या बाजूला पट्टे, पट्ट्यांची टोकं शेपटीकडे. त्यापुढची पानं जोडलेली होती. मी तिथंच थांबलो. चित्र मिळालं होतं, आणि कुणीतरी माझ्या सल्ल्याची वाट बघत होतं. असं माझ्या आयुष्यात फारसं घडत नसे.

साताऱ्याकडचे दादासो रिसाल्यातून निवृत्त होऊन आष्ट्याला मुलीकडे राहत. त्यांच्या पेटीत घोड्यांच्या बुटांचे तीन जोड होते. मागच्या पायाला उंच बूट लागतो, एवढं सांगून त्यांनी विचारलं, जखम नेमकी कुठं आहे? खरं तर मी चंद्रीला दहा पावलांवरूनच पाहिलं होतं. पायावर पाल्याचा जाड लेप होता, त्याखालचं काही दिसत नव्हतं. पण तसं कबूल करायला मला लाज वाटली. “सांध्याच्या वर,” मी म्हणालो, आणि सगळ्यात जाड जोड उचलला.

तळावर सिद्धूनं बूट बांधले. चंद्री मागचे पाय तापल्या तव्यावर पडल्यासारखे उचलू लागली. सिद्धूची बायको हरणाबाई चुलीपुढून म्हणाली, “मालकाच्या पायात पायताण न्हाई, आन् घोडीला पलटणीचं बूट.” सगळे हसले. मीही हसलो. पण दुसऱ्या फेरीला आवाज आलाच. टक. खूर हाडावर बसल्याचा. बुटाची खालची कड जिथं संपत होती तिथून ताजं रक्त ओघळलं. मी मान खाली घातली.

सिद्धूनं बूट सोडले. मग आईकडं न बघता तो म्हणाला, “रंगीला सांगून येतो.”

धोंडुबाई दगडाला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ती म्हणाली, “जरा थांब. आदी घोडीला इचारू दे.”

तिनं कमरेची पिशवी सोडली. त्यात बिरोबाचा भंडारा होता, कपाळाला लावायचा. चिमूटभर हातावर घेऊन तिनं त्यात गोडेतेल कालवलं. मग घोडीचा पाय धुऊन लेप काढायला लावला. सांधा सगळाच सुजून सोललेला, त्यावरून खूर नेमका कुठं लागतो ते कळत नव्हतं. तिनं दोन्ही मागच्या खुरांच्या आतल्या कडांना तो पिवळा लेप सिद्धूकडून लावून घेतला. देवाचा भंडारा खुराला लावताना सिद्धूचा हात क्षणभर अडखळला. म्हातारी म्हणाली, “देवानं घोडी दिलीया, देवच दाखवील. चालीव तिला.”

चंद्री चालली. वीस पावलं गेली, वीस परत आली. टक.

“मास्तर,” धोंडुबाई म्हणाली, “तुमच्याकडं काच हाय न्हवं डोळ्याला? माझं डोळं ग्येलं. वाकून बघा, पिवळं कुठं लागलंय.”

मी घोडीच्या मागच्या पायांजवळ, आयुष्यात प्रथमच, गुडघे टेकले. घामाचा आणि गवताचा वास आला. चष्मा सारखा केला. उजव्या पायावर काही नव्हतं. डाव्या पायाच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या अगदी खालच्या गोलाव्यावर, बोटाच्या पेराएवढा पिवळा ठिपका होता. जणू कुणी घोडीला गंध लावलं होतं.

इतके दिवस सगळी माणसं जे ताडत होती, ते घोडीनं चाळीस पावलांत आपल्याच पायावर लिहून दिलं होतं. सांधा जिथं वाकतो तिथं कडक चामडं पोचूच शकत नव्हतं. आणि बूट दोन नव्हे, एकच हवा होता.

हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं मी विचारलं. “कोन शिकिवनार?” ती म्हणाली. “तिचं तिला ठावं असतंय. आमी निस्तं इचारायचं.”

सिद्धू धावत जाऊन नवी घोंगडी घेऊन आला. म्हातारीनं ती बोटांत चोळली आणि बाजूला सारली. नव्या घोंगडीत चिंचोक्याची खळ असते. भिजून वाळली की ती पत्र्यासारखी होते, कातडं सोलून काढते. मग तिनं स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी काढली. ती तिच्या नवऱ्याची होती, तीस पावसाळे भिजून मऊ झालेली. सिद्धू नको नको म्हणत असताना तिनं विळा मागितला आणि वीतभर रुंद, दोन विती लांब तुकडा कापला. सांध्याच्या वर तो गुंडाळून मधोमध लोकरीची दोरी बांधायला लावली, गाठ बाहेरच्या अंगाला. मग वरचा अर्धा भाग खाली दुमडला. पिवळ्या ठिपक्यावर घोंगडीची दुहेरी घडी आली, आणि सांधा वाकायला मोकळा राहिला.

चंद्रीनं पाय उचलला, टेकला, आणि शेजारचं गवत खायला लागली.

त्या संध्याकाळी मी पुस्तकाची जोडलेली पानं चाकूनं कापली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की आधी खुराला खडू लावावा, घोडा चालवावा, आणि खूण कुठं उमटते ते पाहावं. त्याखाली एक छोटं चित्र होतं. लोकरीचा चौकोनी तुकडा, मधोमध फीत, वरचा अर्धा खाली दुमडलेला. मी ते पान किती वेळ बघत होतो ते आठवत नाही. ते छापणारा माणूस आणि धोंडुबाई यांच्यामध्ये सात समुद्र होते, आणि मी दोघांच्या मध्ये, वाचता येत असून, एक पान अलीकडे थांबलो होतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी माळावर गेलो. सिद्धूनं आईला उचलून भांड्यांवर बसवलं. तिच्या पुढ्यात दोन कोकरं दिली. घोंगडीचा उरलेला भाग तिच्या खांद्यावर होता, एका कोपऱ्यात चौकोनी कापलेला. रंगुबाई भाकरी बांधून आली होती. ती डोळे पुसत होती, आणि धोंडुबाई तिला सांगत होती की बाई, पोटाला खा, आमची काळजी करू नको.

कळप सांगलीच्या रस्त्याला लागला. मागून चंद्री निघाली. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून कान देऊन ऐकत होतो. मेंढरांची पावलं, भांड्यांचा किणकिणाट, धोंडुबाईचं कोकरांशी बोलणं. वळणापर्यंत मी त्या एका आवाजाची वाट बघितली. तो आला नाही.