परातीतला हात

बेनिटा तुस्कानोनं आखून दिलेलं पथ्य पाळूनही ज्याचं वजन उतरलं नाही, असा माणूस बहरीनच्या बेटावर अजून सापडायचा होता. निदान बेनिटाचं तरी असं म्हणणं होतं, आणि तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. बाई वसईची, आहारशास्त्र मुंबईला शिकलेली, आणि मनामातल्या एका हॉस्पिटलात डायेटिशियन. सौदीला जाणारा समुद्रातला पूल अजून व्हायचा होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. तिचा नवरा अँब्रोज एका हॉटेलात रिसेप्शनला होता. तो म्हणायचा, उद्या आमच्या घरी बिशप जेवायला आले तरी ही त्यांना वाटीनं मोजूनच भात वाढेल.

वाटी हे बेनिटाचं दैवत. एक वाटी भात, एक वाटी डाळ, दोन फुलके, रात्री कपभर साय काढलेलं दूध. मुंबईला शिकवलं तेच ती इथे अरबाला, गोऱ्याला, मल्याळ्याला सारखंच सांगायची. पोट ते पोट, त्याला कसला आलाय देश, असा तिचा खाक्या होता.

आणि मग उम्म जुमा आली. उम्म जुमा म्हणजे जुमाची आई. तिथे बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. वय साठीकडे झुकलेलं, रंग काळाभोर, खांदे रुंद, आणि ती हसली की समोरच्यालाही हसू फुटायचं. तिच्या आजीच्या आजीला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतात घालून या बेटावर आणलं होतं. उम्म जुमा लग्नघरी ढोल वाजवायची. तिच्यासारख्याच काळ्या बायांचा तिचा ताफा होता आणि ती त्याची म्होरकी. सनद गावात आणि आसपास तिच्या ढोलाशिवाय नवरीची पाठवणी होत नसे.

आता मात्र तिचे गुडघे कुरकुरत होते आणि रक्तातली साखर वाढली होती. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, हिवाळ्यापर्यंत वजन उतरलं नाही तर ढोल कायमचा खाली ठेवायचा. आणि नेमकं हिवाळ्यातच तिच्या नातीचं, नूराचं लग्न ठरलं होतं. नवरीच्या पुढे म्होरकीनं गळ्यात ढोल अडकवून नवऱ्याच्या दारापर्यंत चालत जायचं, ही त्यांची रीत. उम्म जुमाच्या लग्नात तिची आई चालली होती. लेकीच्या लग्नात उम्म जुमा चालली. ती लेक पुढे बाळंतपणात गेली, आणि तिच्या तान्ह्या नूराला आजीनंच वाढवलं.

"नूराच्या पुढे मीच चालणार," उम्म जुमा मोडक्यातोडक्या हिंदीत बेनिटाला म्हणाली आणि पदरासारखं काहीतरी तोंडावर ओढून रडली.

बेनिटा तोंडाची फटकळ, पण मनानं लोण्याची. तिनं त्याच संध्याकाळी सूकमधल्या, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातल्या, एका गुजराती दुकानातून स्टीलची वाटी विकत आणली आणि दुसऱ्या दिवशी उम्म जुमाच्या हातात ठेवली. भात एवढाच, डाळ एवढीच, हे खुणेनं दाखवलं. उम्म जुमानं वाटीचा मुका घेतला आणि ती पिशवीत टाकली. इंशाल्ला, म्हणाली.

दोन महिने गेले आणि काटा जागचा हलेना. एकदा तर तो चक्क पुढे सरकला. वजन करणारी नर्स हलक्या आवाजात म्हणाली की या लोकांची हाडंच तशी, मॅडम, तुम्ही कशाला जीव काढता? बेनिटानं तिला असं काही झापलं की ती आठवडाभर समोर आली नाही. पण खरं सांगायचं तर बेनिटाच्याही मनात पाल चुकचुकली होती, फक्त वेगळी. बाई चोरून खाते, असं तिला वाटत होतं. उम्म जुमा शपथेवर सांगायची की घरी वाटीनंच जेवते, दूध नाक दाबून पिते, पण त्या दुधानं पोट ढोलासारखं फुगतं. बेनिटाला ही सगळी कारणं वाटायची. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून ती थकली, आणि एक दिवस तिनं तोंडावरच विचारलं, मग लग्नांत जेवताना काय करता?

उम्म जुमा रागावली नाही. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली की शुक्रवारी सनदला लग्न आहे, ये आणि बघ.

बेनिटा गेली. अँब्रोजनं टॅक्सीनं सोडलं, आणि पुरुषांना आत मज्जाव म्हणून तो बाहेर चहा पीत बसला. अंगणात बायकाच बायका. एका कोपऱ्यात शेगडी पेटवून ताफ्यातल्या बाया ढोलांची कातडी शेकत होत्या, कातडं तापलं की ताणतं म्हणून. उम्म जुमा चटईवर पाय पसरून बसली होती, एक हात गुडघ्यावर. बेनिटाला तिची दया आली.

मग उम्म जुमानं ढोल मांडीवर ओढला आणि पहिली थाप मारली.

बेनिटानं वसईच्या लग्नांतले बँड ऐकले होते, नाताळला चर्चमधला ऑर्गन ऐकला होता. पण असलं काही तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. थाप कानाला ऐकू येण्याआधी पायाखालच्या जमिनीत कळत होती. उम्म जुमानं एक ओळ गायली, ताफ्यानं ती उचलली, आणि बघता बघता ती म्हातारी उभी राहिली. तेच खांदे, तेच दंड, तीच कंबर. इतके दिवस बेनिटा या देहाकडे काट्यावरचा आकडा म्हणून बघत आली होती, आणि इथे त्याच देहाच्या एका हेलकाव्यासरशी सगळं अंगण हलत होतं. लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, नवऱ्याच्या घरच्या ताठ्यातल्या बायकासुद्धा उठून डोलायला लागल्या. बेनिटाच्या अंगावर काटा आला. तिला एकाच वेळी हसूही येत होतं आणि रडूही, आणि आपण कुणाला दोन फुलके सांगत होतो, याची लाज वाटत होती. हे बंद पडता कामा नये, एवढंच तिला कळलं.

दुपारचं जेवण आलं. भली मोठी परात, तिच्यात मसालेदार भाताचा डोंगर आणि वर अख्खं बकरं; त्याला ते मचबूस म्हणतात. ताफ्याच्या बाया परातीभोवती गोल बसल्या आणि सगळ्यांनी उजवा हात आत घातला. बेनिटा बघतच राहिली. कमी वाढून घ्या म्हणून सांगायला इथे ताट होतंच कुठे? आणि वाटी? वाटी ढोलाच्या पिशवीतून डोकावत होती. या परातीतून वाटीनं मोजून घेणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं.

घोडं कुठे पेंड खातंय, ते अर्धं कळलं. उरलेल्या अर्ध्यासाठी बेनिटा घारीसारखी नजर लावून बसली. उम्म जुमाचं पोट भरलेलं तिला स्पष्ट दिसलं. घास बारीक झाले, चावणं मंदावलं. आता ही थांबेल, असं वाटेपर्यंत पुन्हा हात परातीत गेला. पुन्हा घास, आणि पुन्हा. बेनिटाच्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात बाळाला पाजायला गेलेली एक बाई परत आली, कडेला बसली आणि भुकेजलेल्या माणसासारखी जेवायला लागली. उम्म जुमाचा हात चालूच राहिला. त्या बाईनं शेवटी बोटं चाटली, तशी उम्म जुमानं हात उचलला, देवाचं नाव घेतलं, आणि त्याच क्षणी परातीभोवतीच्या सगळ्या बाया उठल्या.

बेनिटानं तिला बाजूला घेऊन विचारलं.

"थोरलीनं हात काढला की सगळ्यांनी काढायचा," उम्म जुमा म्हणाली. "माझं पोट केव्हाच भरतं, बेनिटा. पण मी उठले तर ती उपाशी उठेल ना."

बेनिटाला तिची आय आठवली. वसईला आय सगळ्यांच्या मागून बसायची आणि टोपात उरेल ते खायची. ही बाई सगळ्यांच्या आधी बसत होती आणि सगळ्यांच्या पोटासाठी खात होती. आणि आपण हिला चोर ठरवलं. बेनिटानं कपाळावर हात मारून घेतला.

घरी जाताना टॅक्सीत अँब्रोजशेजारी बसली तरी तिचा हात कपाळावरच होता. त्यानं दोनदा ताप आहे का म्हणून विचारलं.

पुढच्या खेपेला तिनं जुना कागद फाडून टाकला. दूध बंद. फुलके बंद, ते तसेही त्या घरात कधी झाले नव्हते. त्याऐवजी रोजच्या बाजारातली ताजी मासळी, भाजलेली. मूठभर हिरवा पाला, तो तर त्यांच्या जेवणात असतोच. आणि लग्नाला निघण्याआधी घरून थोडं खाऊन जायचं. मग तिनं टेबलावर एक ट्रे ठेवला आणि स्वतःचा हात त्यात घातला.

"हात परातीतच राहू दे," ती म्हणाली. "पण तो दर वेळी तोंडाकडेच गेला पाहिजे, असं कुणी सांगितलंय? मटण हाडावरून सोडव, दुसरीच्या पुढे सरकव. मासळी असली तर काटे काढ, तिसरीला दे."

उम्म जुमा इतकी हसली की बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावले. थोरलीनं आपल्या हातानं मटण सोडवून पुढे सरकवणं हा तर त्यांच्यातला मोठाच मान होता. तिनं तो आजवर पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता, एवढंच.

काटा हलला. आधी हळू, मग चांगलाच. ताफ्यातल्या बाया मात्र अंगानं सुटल्या, असं उम्म जुमा म्हणायची, आणि पुढच्या वर्षी त्यांनाही घेऊन येते अशी धमकी द्यायची. थंडी पडली तेव्हा डॉक्टरनं गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाला, चाल, पण बेतानं.

नूराच्या लग्नाला बेनिटा सकाळीच जाऊन बसली. वरात निघाली. उम्म जुमानं ढोल गळ्यात अडकवला, नातीकडे एकदा वळून पाहिलं, आणि थाप मारून पाऊल टाकलं. गल्लीभर पाऊल थाप, पाऊल थाप. मध्येच एकदा गुडघा लटपटला. म्हातारीनं थाप चुकू दिली नाही. नवऱ्याच्या दारात पोचल्यावर तिनं ढोल उतरवला आणि नूराला छातीशी धरलं. बेनिटा हमसून हमसून रडली. इतकं मोठं काहीतरी आपण डोळ्यांनी पाहिलं, याचंच तिला आश्चर्य वाटत होतं.

मग परात आली. उम्म जुमानं बेनिटाचा दंड धरला, तिला थेट आपल्या जागी बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. आज थोरली तू, म्हणाली. बेनिटा नको नको म्हणेपर्यंत सगळ्या बाया तिच्या हाताकडे बघत थांबल्या होत्या. तिनं हात घातला, तसे सगळ्यांचे हात आत गेले.

चार घासांत तिचं पोट भरलं. वाटीभर खाणारी बाई ती. हात काढणार, तोच तिचं समोर लक्ष गेलं. पहाटेपासून चुलीपुढे राबलेली एक बाई आत्ता कुठे येऊन टेकली होती आणि पहिला घास घेत होती. उम्म जुमा खाली बघून गालातल्या गालात हसत होती.

बेनिटानं मटणाचा एक तुकडा सोडवला, त्या बाईच्या पुढे सरकवला, आणि हात काढला नाही.